गिअरबॉक्स उघडलाच आहे, तर ऑइल सीलांचं काम नीट करू या

घाटवळण (सातारा)

मारुतीच्या जिप्सी किंगचा पाच गिअरचा डबा, म्हणजे गिअरबॉक्स, सध्या टेबलावर उघडा पडलाय. दुसऱ्या गिअरची सिंक्रो रिंग, म्हणजे गिअर अलगद पडायला मदत करणारी पितळी कडी, झिजली होती आणि इंजिनकडून येणाऱ्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग घरघरत होतं. बेअरिंग, सिंक्रो, शिफ्ट फोर्क यांच्याबद्दल वाचायला भरपूर मिळतं. ऑइल सीलपाशी आलं की सगळे ‘नवीन सीलं टाका’ म्हणून पुढे सरकतात. आणि घरी किंवा गल्लीतल्या गॅरेजात बांधलेला डबा परत खाली उतरतो तो बऱ्याचदा सीलपायीच. गिअर मख्खन पडतायत, आवाज नाही, पण इंजिन आणि डबा जोडणाऱ्या घंटेसारख्या कवचाच्या, म्हणजे बेल हाउसिंगच्या तळाशी थेंब लोंबतोय. शे-दोनशेची वस्तू, मजुरी मात्र अख्ख्या गिअरबॉक्सची.

ज्यांनी सील हातात घेऊन बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फिरत्या शाफ्टभोवतून तेल बाहेर येऊ नये म्हणून ते असतं. पत्र्याची कडी, तिच्यावर चढवलेलं रबर, त्या रबराची आतली धारदार कड म्हणजे लिप, आणि लिपला शाफ्टवर आवळून धरणारी केसासारखी बारीक गोल स्प्रिंग. बऱ्याच सीलांना बाहेरच्या अंगाला आणखी एक छोटी लिप असते, ती धूळ अडवायला. अंगावर तीन आकडे असतात. ३५-५२-७ म्हणजे शाफ्ट ३५ मिमी, भोक ५२ मिमी, सीलची रुंदी ७ मिमी. सोबत ‘टीसी’ असेल तर दोन लिप आणि बाहेरून पूर्ण रबर, ‘टीबी’ असेल तर बाहेरचा पत्रा उघडा, ‘एससी’ असेल तर धुळीची लिप नाही.

जिप्सीत पुढचं सील इनपुट शाफ्टच्या बेअरिंग रिटेनरमध्ये, म्हणजे बेअरिंग जागेवर धरणाऱ्या झाकणात असतं. मागचं एक्स्टेन्शन हाउसिंगच्या, म्हणजे डब्याच्या मागच्या नळकांड्याच्या तोंडाशी, तिथे ट्रान्स्फर केसकडे (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारा डबा) जाणाऱ्या आखूड प्रोपेलर शाफ्टचा योक, म्हणजे त्याच्या टोकाचा नळीसारखा तुकडा, आत सरकतो. ट्रान्स्फर केस वेगळा टांगलेला, त्याची सीलं वेगळी.

आता माझे प्रश्न. योकवर नख अडकेल अशी गोल खाच पडलीय. इनपुट शाफ्टवर नुसताच चकचकीत पट्टा आहे, नखाला काही लागत नाही. योक बदलायचा, वर स्लीव्ह म्हणजे पातळ पत्र्याची बाही चढवायची, की सील थोडं मागेपुढे बसवून वेळ मारून न्यायची? लिपला ग्रीस लावायचं की कोरडंच बसवायचं, यावर इथल्या दोन मेकॅनिकांची दोन टोकं आहेत. आणि बाहेरून शेलॅक, म्हणजे फट बुजवायचं चिकट द्रव, फासायचं का?

तेलकट हात (पुणे)

योक मिळत असेल तर बदला. नाना पेठेत जिप्सीचे योक मिळतात, पण घेताना सील बसतो तो भाग बोटाने आणि उजेडात तिरका धरून बघा. नवीन म्हणून घेतलेल्या योकवरही टर्निंगच्या रेषा तशाच ठेवलेल्या मी पाहिल्यात.

इनपुट शाफ्टला हात लावू नका. चकचकीत पट्टा म्हणजे जुनी लिप तिथे व्यवस्थित चालत होती याची पावती आहे. खाच नाही, गंज नाही, ओरखडा नाही, मग पॉलिश पेपर कशाला?

सील काढण्यापासून सुरुवात करा, कारण निम्मं नुकसान तिथेच होतं. मोठा स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं की ॲल्युमिनियमच्या भोकाला उभा चरा पडतो, आणि तेलाला बाहेर यायला आयती वाट मिळते. त्यापेक्षा सीलच्या पत्र्याला समोरासमोर दोन बारीक भोकं पाडा, ड्रिलच्या टोकाला ग्रीस लावून म्हणजे कीस आत पडत नाही, दोन पत्र्याचे स्क्रू पिळा आणि पकडीने आलटून पालटून ओढा. रिटेनर तर सुटून हातात येतो, त्याला मागून ठोकळा लावून सील सरळ बाहेर ढकलता येतं. भोकाच्या तोंडाची धार बारीक कानशीने किंचित मोडून घ्या, नाहीतर नवीन सील जाताना त्याचं रबर सोललं जातं.

बसवताना ठोकणी सीलच्या बाहेरच्या व्यासाइतकीच हवी. भोक ५२ असेल तर ठोकणी ५१ ते ५१.५, पूर्ण सपाट. जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग, जाड पाइपचा तुकडा, मोठा सॉकेट, काहीही चालतं. ठोकणी लहान असली की जोर सीलच्या मधल्या पत्र्यावर येतो, पत्रा आत वाकतो, लिप वाकडी होते, आणि वरून मात्र सगळं झकास दिसतं. हातोडीने कडेकडेने टकटक करत बसवणाऱ्यांची सीलं हमखास तिरकी जातात. बेंच व्हाइस किंवा हातप्रेस असेल तर फारच उत्तम. बसल्यावर व्हर्नियरच्या शेपटीने चार ठिकाणी खोली मोजा. फरक एक-दोन दशांश मिमीच्या वर असेल तर तिरकं आहे. जास्त आत गेलं म्हणून मागे ओढू नका. ओढलेलं सील फेकायचं, त्याला दुसरा जन्म नसतो.

शेलॅकचं असं, की बाहेरून रबर असेल तर काहीही लावायचं नाही, फक्त गिअर ऑइलचं बोट फिरवा. बाहेरून उघडा पत्रा असेल तर न सुकणाऱ्या सीलंटचा अगदी पातळ थर, तोही भोकाच्या कडेला लावायचा. सीलला लावला तर आत जाताना सगळा गोळा पुढे ढकलला जातो आणि लिपवर नाहीतर तेलाच्या वाटेत जाऊन बसतो. ट्यूबमधला लाल-राखाडी आरटीव्ही सिलिकॉन चोपडणाऱ्यांना तर काय म्हणावं.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे इनपुट शाफ्टचं बेअरिंग गेलं होतं म्हणता, तर त्याचं पुढचं टोक ज्यात फिरतं ते फ्लायव्हीलच्या मधलं पायलट बेअरिंगही बदला. ते ढिलं असेल तर शाफ्ट डोलतो. लिप लवचिक असली तरी हजारो फेऱ्यांना डोलणाऱ्या शाफ्टच्या मागे ती किती पळणार? असं गळणारं सील तुम्ही जन्मभर बदलत राहाल.

नवशिक्या (नाशिक)

वाचतोय, छान चाललंय. एक बावळट प्रश्न. बेल हाउसिंगमधून गळतंय म्हणजे गिअरबॉक्सच कशावरून? इंजिनचं मागचं सीलही तिथेच येतं ना?

तेलकट हात (पुणे)

प्रश्न बावळट अजिबात नाही, यातच लोक फसतात. आधी वास घ्या. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो, एकदा नाकात गेला की विसरत नाही. इंजिन ऑइल चाललेलं असेल तर काळं आणि पातळ. डबा उतरवल्यावर आत बघा. फ्लायव्हीलच्या मागे, इंजिनच्या अंगाला ओल आहे, तर इंजिनचं, म्हणजे क्रँकचं मागचं सील. रिटेनरच्या नळीवर, क्लचच्या रिलीज बेअरिंगवर आणि बेल हाउसिंगच्या आतल्या भिंतीवर ओघळ आहेत, तर गिअरबॉक्सचं. आणि डबा उतरलाच असेल तर क्रँकच्या मागच्या सीलचाही विचार करून टाका.

उद्यमनगर_लेथ (कोल्हापूर)

घाटवळण भावा, योक बदलतोयस तर ठीकच. पण नवीन मिळाला न्हाई आणि कुणी म्हणालं ‘लेथवर पॉलिश पेपर मारून देतो’, तर आधी ही गोष्ट ध्यानात ठेव.

शाफ्ट लेथवर फिरतोय आणि गडी पेपर घेऊन डावीकडनं उजवीकडं हात फिरवतोय. चकचकीत होतंय, गिऱ्हाईक खूश. पण त्या हातानं शाफ्टवर बारीक आटे पाडल्यात. डोळ्याला दिसत न्हाईत, तेलाला दिसत्यात. शाफ्ट एका दिशेनं फिरला की हे आटे तेल आत ढकलत्यात, दुसऱ्या दिशेनं बाहेर. म्हणून काही गाड्या उभ्या असताना कोरड्या ठाक, चालवल्या की गळत्यात, आणि लोक सीलला शिव्या घालत्यात.

सीलचा शाफ्ट ग्राइंड करायचा तर चाक सरळ आत घालायचं, आडवं सरकवायचं न्हाई. शेवटी चाक जागेवर ठेवून ठिणग्या थांबेपर्यंत फिरू द्यायचं. पेपर मारायचाच तर एका जागी धरून, हात न हलवता.

तपासायची पद्धत जुनी आणि फुकट आहे. शाफ्ट लेव्हलला धरून लेथवर हळू फिरवायचा, मिनिटाला साधारण ६० फेरे. वर पातळ तेलाचा हात. मग एक साधा दोरा शाफ्टवरनं टाकायचा आणि खाली ३० ग्रॅमच्या आसपासचं वजन लटकवायचं. दोरा जागेवर बसला तर शाफ्ट चांगला. एका बाजूला चालायला लागला आणि शाफ्ट उलटा फिरवल्यावर दोराही उलटा चालला, तर आटे आहेत. दोन्ही वेळेला एकाच बाजूला सरकत असेल तर शाफ्ट निमुळता तरी आहे किंवा लेव्हलला न्हाई. सगळा खेळ पाच मिनटांचा, पण लेथवाल्याला सांगितलं की तो आपल्याकडं येडा झाल्यागत बघतो.

आणि वेल्डिंग भरून टर्निंग करणाऱ्यापासून लांब राहा. शाफ्ट वाकतो, कडकपणा जातो.

घाटवळण (सातारा)

दोऱ्याची युक्ती पहिल्यांदाच ऐकली, लई भारी! आता सांगा, ग्रीस की कोरडं?

सह्याद्री४बाय४ (ठाणे)

कोरडं. माझ्या गाडीचं इंजिन बांधलं तेव्हा सीलच्या पाकिटावर ठळक लिहिलं होतं, तेल-ग्रीस लावू नका. पाकिटावरचं वाचायची सवय लावा म्हणजे धागे काढावे लागणार नाहीत.

रबरवाली (चाकण)

सह्याद्री, पाकिट तुम्ही बरोबर वाचलंत, पण ते दुसऱ्या जातीचं सील होतं. इंजिनच्या क्रँकला हल्ली पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉनच्या लिपची सीलं येतात. त्यांना स्प्रिंग नसते, लिप रुंद आणि सोबत प्लास्टिकची बाही असते. ती सीलं कोरडीच बसवायची, कारण त्यांच्या मटेरियलचा अगदी बारीक थर शाफ्टवर बसावा लागतो. बसवल्यावर लिप शाफ्टच्या मापाला येईपर्यंत काही तास इंजिनही चालू करायचं नसतं. गिअरबॉक्समध्ये असतं ते स्प्रिंगचं साधं रबरी सील. ते कोरडं फिरवलं तर तेल तिथवर पोचायच्या आत लिप भाजते आणि कडक होते.

म्हणून इथे लिपला गिअर ऑइल आणि दोन लिपांमधल्या पोकळीत ग्रीस. पूर्ण भरायचं नाही, साधारण अर्ध्यापर्यंत. धुळीच्या लिपला तेल मिळतच नाही, तिला ते ग्रीस आयुष्यभर पुरवायचं असतं.

मी रबराच्या कामात आहे म्हणून थोडं आतलं सांगते. लिप नुसती दाबून तेल अडवते असा समज आहे. चालत्या शाफ्टवर लिपच्या खाली तेलाचा अतिशय पातळ पडदा असतोच, नाहीतर ती जळून जाईल. नवीन लिप शाफ्टला टेकते तो पट्टा जेमतेम ०.१ ते ०.२ मिमी रुंद. गंमत तिच्या कोनांत आहे. तेलाकडचा उतार जास्त उभा असतो, साधारण ४५ अंश, हवेकडचा २५-३० अंशांचा. त्यामुळे शाफ्ट फिरताना रबराचा पृष्ठभाग असा ताणला जातो की बाहेर निसटू पाहणारं तेल परत आत ओढलं जातं. सील हा एक चिमुकला पंप आहे म्हणा. उलटं बसवलं तर तोच पंप तेल बाहेर टाकतो, आणि स्प्रिंग बाहेर राहिल्यामुळे तिच्यात चिखल बसतो तो वेगळाच.

आता शाफ्ट किती गुळगुळीत हवा? जर्मन डीआयएन ३७६० मानकाप्रमाणे सरासरी खरबरीतपणा (आरए) ०.२ ते ०.८ मायक्रॉन. म्हणजे आरशासारखा चकचकीतही नको. फार गुळगुळीत शाफ्टवर तेलाचा पडदा टिकत नाही आणि लिप घासत राहते. कडकपणा किमान ४५ रॉकवेल सी, वेग जास्त असेल तर ५५. उद्यमनगर दादांनी वेल्डिंगबद्दल लिहिलंय ते यामुळेच.

खाचेवर स्लीव्ह चालते. एसकेएफची स्पीडी स्लीव्ह साधारण पाव मिमी जाडीची असते, त्यामुळे सीलचं माप बदलावं लागत नाही. खाच खोल असेल तर आधी मेटल इपॉक्सीने भरून, ते ओलं असतानाच स्लीव्ह चढवायची. पण जिप्सीचा योक मिळतोय तर योकच घ्या.

दिवा_घाट (पुणे)

सील १-२ मिमी मागेपुढे बसवायची युक्ती कोणी बोललं नाही? आमचे वस्ताद कायम तेच करतात. सील भोकाच्या तोंडाशी बरोबर लेव्हलला बसवण्याऐवजी थोडं आत घेतात, लिप कोऱ्या जागी येते. फुकटात काम.

तेलकट हात (पुणे)

चालतं, पण दोन गोष्टी बघून. भोकाला आत पायरी असेल तर जागाच नसते. आणि काही रिटेनरमध्ये सीलच्या मागून तेल परत डब्यात जायची खाच किंवा भोक असतं. सील आत घेतलं की ते बुजतं. मग सील आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेल साचून राहतं आणि लिपवर दाब येतो. रिटेनरखालचं गॅस्केट उलटं बसवलं तरी अगदी हेच होतं, ते भोक गॅस्केटखाली झाकलं जातं. जिथे मोकळी जागा आहे तिथे तुमच्या वस्तादांचं बरोबर.

रबरवाली (चाकण)

शिवाय सील आत घेतलं तर धुळीची लिप जुन्या खाचेवर येऊ शकते. ट्रेलवर चिखल तुडवणाऱ्या गाडीला ते परवडणार नाही.

वाशिष्ठी (चिपळूण)

चिखलाचा विषय निघालाच आहे तर मी लिहितो, कारण माझ्या मते अर्ध्या गळत्या सीलच्या नसतातच, ब्रीदरच्या, म्हणजे डब्यातली हवा आत-बाहेर जायच्या छोट्या तोंडाच्या असतात.

हिशोब करा. पावसाळ्यात ओहोळ पार करून ब्रीदरमध्ये माती बसली, ती वाळून घट्ट झाली. गाडी सकाळी ३० अंशांना सुरू केली, घाट चढून गिअर ऑइल ९० अंशांना गेलं. आतली हवा कोंडलेली. शाळेतलाच नियम लावला तर दाब वीस टक्क्यांनी वाढतो, म्हणजे ०.२ बार, सुमारे ३ पीएसआय. टायरच्या मानाने काहीच नाही, पण गिअरबॉक्सचं सील दाबासाठी बनवलेलंच नसतं. हा दाब लिपला शाफ्टवर आणखी आवळतो, ती तापते, झिजते आणि तेल बाहेर ढकललं जातं. सील नवीन टाका, महिन्याने पुन्हा तेच.

याच्या उलट प्रकार पाण्यात होतो. तापलेला गिअरबॉक्स गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढते, ब्रीदरमधून नाहीतर सीलच्या लिपखालून. दुसऱ्या दिवशी प्लग उघडला की आतून दुधाच्या चहाच्या रंगाचं तेल. आमच्याकडे जून ते सप्टेंबर हे नेहमीचं आहे. उपाय साधा. गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस आणि दोन्ही डिफरन्शियलचे ब्रीदर रबरी नळीने बॉनेटखाली वरपर्यंत न्या, टोक खाली वळवून ठेवा. सीलला हात लावण्याआधी ब्रीदर काढून तोंडाने फुंकून बघायची सवय लावा. हो, चव वाईट असते.

उद्यमनगर_लेथ (कोल्हापूर)

शंभर टक्के. शेतातनं आलेल्या गाड्यांचा ब्रीदर उघडला की आधी माती, मग गांधीलमाशीचं घर.

माइन_किनारा (फ्रँकफर्ट)

इथे जर्मनीत कोणतंही ऑइल सील असो, गॅरेजमध्ये त्याला ‘सिमरिंग’च म्हणतात, वाल्टर सिमर नावाच्या इंजिनिअरवरून. फ्रॉइडेनबर्ग कंपनीने १९३० च्या दशकात ही सीलं बाजारात आणली तेव्हा लिप चामड्याची होती, कृत्रिम रबर नंतर आलं. हे लिहायचं कारण असं की आपल्याकडचे जुने मेकॅनिक नवीन सील रात्रभर तेलात भिजत घालतात. चामड्याच्या सीलला ते करावंच लागायचं. मला वाटतं जुन्या जीपगाड्यांच्या काळातली ती सवय हातात राहिली. रबराच्या सीलला त्याची गरज नाही.

दिवा_घाट (पुणे)

आमचे वस्ताद भिजवतात! आता त्यांना चामड्याचं सांगितलं तर मलाच भिजत घालतील.

नवशिक्या (नाशिक)

सील घेताना ओरिजिनल कसं ओळखायचं? दुकानदार म्हणतो तपकिरी रंगाचं घ्या, ते ‘व्हिटॉन’ असतं, काळ्यापेक्षा भारी.

रबरवाली (चाकण)

रंगावर जाऊ नका. रबरात रंग घालता येतो, तपकिरी नायट्राइलही बनतं आणि काळं व्हिटॉनही. मॅन्युअल गिअरबॉक्सला चांगलं नायट्राइल पुरतं. हे रबर सतत १०० अंशांपर्यंत टिकतं आणि गिअरबॉक्स सहसा त्याच्या आत असतो. ३० मिमीचा इनपुट शाफ्ट ६००० आरपीएमला फिरतो तेव्हा लिपखालचा वेग सेकंदाला साडेनऊ मीटरच्या आत राहतो. तेही नायट्राइलच्या आवाक्यातलं आहे. जिथे उष्णता जास्त, तिथे व्हिटॉनचे पैसे मोजा.

दुकानात बघायचं ते वेगळंच. आपल्याकडे सीलं तारेत ओवून, नाहीतर खिळ्याला टांगून ठेवतात. महिनोन्महिने एका जागी लटकलेली लिप तिथे चपटी होते आणि स्प्रिंग ताणली जाते. पाकिटात आडवं ठेवलेलं सील मागा. बंद पाकिटात, उन्हाबाहेर ठेवलेल्या नायट्राइलचं आयुष्य आयएसओ २२३० प्रमाणे ७ वर्षं धरतात. जिप्सीचं उत्पादन थांबून काळ लोटलाय, त्यामुळे जुना साठा म्हणून मिळणाऱ्या सीलांची तारीख बघा, लिप हळूच वाकवा, बारीक भेगा दिसल्या तर परत करा. लिपची धार अखंड हवी. घरी आणल्यावर पेट्रोल किंवा थिनरमध्ये धुऊ नका, कोरड्या स्वच्छ फडक्याने पुसा.

आणि काही सीलांच्या लिपजवळ तिरक्या बारीक रेघा आणि बाण असतो. ते एकाच दिशेने फिरणाऱ्या शाफ्टसाठी. इनपुट शाफ्टला चालेल, कारण इंजिन एकाच दिशेने फिरतं. आउटपुटला नको, रिव्हर्समध्ये तो उलटा फिरतो. तिथे दोन्ही दिशांचं किंवा साधं सील.

घाटवळण (सातारा)

सगळ्यांचे आभार. काल रात्री काम उरकलं. योक नवीन घेतला, घेण्याआधी उजेडात तिरका धरून बघितला, दुकानदार वैतागला. पायलट बेअरिंगही बदललं. सोबतच्या मित्राने नळाच्या जुन्या जाड कपलरला लेथवर सपाट करून ठोकणी बनवली. रिटेनरचं सील बेंच व्हाइसमध्ये दाबून बसवलं, चारी बाजूंनी खोली मोजली.

इतरांसाठी एक गोष्ट लिहितो, जी वर कुणी बोललं नाही. रिटेनर चढवताना सील इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनवरून, म्हणजे टोकाच्या उभ्या दात्यांवरून जातं. स्प्लाइनची धार लिपला कापते आणि ते काप दिसतही नाहीत. मी स्प्लाइनवर पातळ चिकटपट्टीचा एक वेढा घट्ट दिला, वर ग्रीस, आणि रिटेनर फिरवत फिरवत आत घेतला. पट्टी नंतर ओढून काढली. जाड पट्टी किंवा तीन-चार वेढे दिले तर लिप जास्त ताणली जाऊन स्प्रिंग खाचेतून निसटते. मित्राच्या ट्रान्स्फर केसमध्ये अशी निसटलेली स्प्रिंग सापडली होती. बसवल्यावर टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन बघा.

तेल ७५डब्ल्यू-९० जाडीचं, जीएल-४ दर्जाचं. डब्यातल्या पितळी सिंक्रोंमुळे जीएल-५ घातलं नाही. ब्रीदरला नळी लावलीय. थोडं चालवून बघितलं, मागच्या सीलपाशी बोटाला लागेल न लागेल इतकी ओल आहे.

तेलकट हात (पुणे)

ती बहुधा दोन लिपांमधल्या ग्रीसची आहे. पुसून टाका आणि दोन-तीनशे किलोमीटरनंतर बघा. तोवर लिप शाफ्टवर बसते. पुन्हा ओल आली आणि तिच्यावर धूळ चिकटायला लागली, तरच काळजी. थेंब पडत असेल तर मात्र वाट बघू नका. आणि तपासायच्या आधी लेव्हल प्लग उघडून तेल प्लगच्या कडेपर्यंतच आहे ना ते बघा, ‘थोडं जास्त बरं’ म्हणून गाडी तिरकी ठेवून भरणारे महाभाग असतात.

नवशिक्या (नाशिक)

माझी गाडी पुढच्या चाकांची, गिअरबॉक्समधून दोन्हीकडे ड्राइव्ह शाफ्ट निघतात. उजव्या बाजूला गळतंय. तिथेही हेच सगळं लागू का?

तेलकट हात (पुणे)

बरंचसं हेच. फरक इतकाच की तिथे डबा उतरवावा लागत नाही, ड्राइव्ह शाफ्ट ओढला की सील समोर येतं. आधी तेल काढून घ्या. डावं आणि उजवं सील वेगळं असू शकतं, लिपवरच्या बाणाकडे किंवा ‘एल’, ‘आर’ खुणेकडे लक्ष द्या. उजवं सील डावीकडे बसलं तरी मापाने चपखल बसतं आणि गाडी पुढे गेली की तेल बाहेर टाकतं.

जुनं सील काढल्यावर शाफ्ट हातानेच घालून वर-खाली हलवून बघा. जास्त खेळ वाटला तर डिफरन्शियलचं बेअरिंग किंवा ते बसतं ती जागा झिजलीय, आधी ते. नवीन सील बसल्यावर शाफ्ट घालताना त्याचं वजन हाताने उचलून धरा, दुसरा माणूस घ्या. जड शाफ्ट लिपवर टेकवून स्प्लाइन शोधत फिरवलात तर नवीन सील तिथेच संपलं. टोकाचं गोल लॉक नवीन टाका, शाफ्ट आत ढकला, टक असा आवाज येतो. मग आतला जॉइंट धरून बाहेर ओढून बघा. शाफ्ट धरून ओढू नका, जॉइंट आतल्या आत सुटतो. जरासा सरकून अडला तर लॉक बसलं. अडला नाही तर तो वळणावर बाहेर सरकत राहील आणि सील बिचारं विनाकारण बदनाम होईल.